पहिल्या हाकेला ओ

आमच्याकडं माळावर एक नियम आहे. भर दुपारी कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारतो. जे माणूस नाही ते एकदाच मारतं, आणि ओ दिली की मागं लागतं. माझा बाप हे सांगायचा, त्याला त्याच्या बापानं सांगितलं होतं. मी जन्मभर मेंढरं राखली, पण पहिल्या हाकेला कधी ओ दिली नाही. बायकोच्या हाकेलाही नाही. ती भाकर घेऊन यायची, खडकावर चढून हाक मारायची, "आवं." मी गप. परत, "आवं." मी गप. तिसऱ्यांदा आली की म्हणायचो, "काय?" मग ती जवळ येऊन फडकं सोडता सोडता म्हणायची, "तुमच्यापायी माझ्या घशाचं भूत झालं."

ती गेली. त्याला आता वर्ष होत आलं.

ती ख्रिस्ती झाली होती. हे सरळ सांगतो, कारण हे सरळ सांगायलाच मला फार उशीर झाला. आमचं गाव औंढ्याच्या डोंगराच्या मागच्या अंगाला. मेंढरवाल्यांची घरं, थोडी शेती. अख्ख्या गावात ती एकटीच त्या वाटेची. आधी तिला एक दुखणं होतं, नाव मला सांगता येत नाही. झोप नव्हती, जेवण नव्हतं, दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसायची. बाजारात भाजी विकणारी एक बाई भेटली, ती तिला प्रार्थनेला घेऊन गेली. पत्र्याची खोली, खाली सतरंज्या, वीस-पंचवीस माणसं. तिथून आली आणि पहिल्यांदा पोटभर जेवली. मला तेवढं पुरे होतं. म्हणालो, जा बाई, दर रविवारी जा.

मीच पोचवायला जायचो. गावात कोणी विचारलं तर सांगायचो, "बायकोचा नाद हाय, मी आपला सोबतीला." आणि खरंच बाहेर बसायचो, खिडकीखाली, चपलांजवळ. पण डोळे मिटता येतात तसे कान मिटता येत नाहीत. त्यांच्यात जो सांगतो त्याला पाळक म्हणतात. ऐकून मला हसू आलं होतं. बायकोला म्हणालो, "हा बी मेंढरंच राखतो म्हणं. मंग ह्याच्या अंगाला वास काहून येत न्हाई?" ती दोन दिवस बोलली नाही.

एकदा त्यानं एका धन्याची गोष्ट सांगितली. एक मेंढरू हरवलं म्हणून तो बाकीची सगळी माळावर सोडून त्याच्या मागं गेला. मी घरी येईपर्यंत बायकोशी भांडत होतो. असा मेंढरवाला आमच्यात येडा ठरला असता. एकापायी सगळा कळप लांडग्याला द्यायचा का? ती म्हणाली, "तुमी हरवला न्हाई कधी, म्हणून." पुढं काही महिन्यांनी माझी एक लंगडी मेंढी ओढ्याच्या कपारीत अडकली. सारखी ओरडत होती. मी अर्धी घटका उभा राहिलो आणि मग गेलो, कळप सोडून गेलो. खांद्यावर घेऊन परत येताना तिच्या काळजाची धडधड माझ्या मानेला लागत होती. त्या वाटेनं येताना मला जे कळायचं ते कळलं. कोणी शिकवलं नाही, वाद करून पटवलं नाही.

पुढं मी पाण्यात बुडून निघालो, त्यांच्यात त्याला बाप्तिस्मा म्हणतात. वारंगा फाट्याच्या पलीकडं, एका कालव्यात, जिथं आमच्या गावाचं कुत्रंही येणार नाही. गावात सांगितलं की मेंढरांचं औषध आणायला जातो. ओले कपडे पिशवीत भरून आणले आणि माळावर बाभळीवर वाळवले. बायको म्हणाली, "देवाला सापडले, गावाला न्हाई सापडले." वर हसली.

आता एका शब्दाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या शब्दानं झालं. आमच्यात साक्ष म्हणजे कोर्टातली. तरणा होतो तेव्हा एका बांधाच्या भांडणात मला साक्षीला बोलावलं होतं. मी डोळ्यानं बघितलं होतं बांध कोणी कोरला ते. पण दोन्हीकडचे गावातले, उद्या त्यांच्याच रानात खतासाठी मेंढरं बसवायची. मी म्हणालो, मला काही दिसलं नाही. ज्याचं खरं होतं तो तिथून निघताना माझ्याकडं बघत बघत गेला. त्या दिवसापासून साक्ष म्हटलं की मला त्याचे डोळे दिसतात.

तर पाण्यातून निघाल्यानंतरच्या रविवारी मी पहिल्यांदा आत बसलो होतो, आणि पाळक म्हणाला, "आज हे बाबा साक्ष देतील." मी उठलो. म्हणालो, "मी कोणाच्या भांडणात न्हाई." आणि चपला घालून बाहेर. आत सगळे हसले, पण सगळ्यात जास्त माझी बायको. पदर तोंडात कोंबून डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली. त्यांच्यात साक्ष म्हणजे देवानं आपलं काय केलं ते चार माणसांपुढं तोंडानं सांगायचं, हे तिनं मला वाटेत समजावलं. त्या दिवसापासून माझं नाव साक्षीदार. "साक्षीदार, भाकर खाता का?" "साक्षीदार, कोकरू बांधा." मी चिडायचो. मग कधी कधी ती हसणं थांबवून म्हणायची, "एकदा द्या पण. गावात द्या. माझ्यासाठी न्हाई."

मी म्हणायचो, बघू.

मूत्रपिंडं गेली तिची. औषध सगळं केलं, सुई केली, तिनं एक गोळी चुकवली नाही. हे मुद्दाम लिहितो. शेवटी डॉक्टर म्हणाला घरी न्या. तिचा भाऊ हट्टा गावाहून आला होता, तो पायाशी बसला होता, मी उशाशी. उन्हाची वेळ होती, दार उघडं. तिनं माझ्याकडं बघितलं. तोंडावर ते हसू होतं का दुखण्यानं तोंड वाकडं झालं होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणाली, "साक्ष राहिली." दुसरं काही बोलली नाही. तास-दीड तासानं गेली.

मी पाळकाला फोन केला नाही. भाऊकीनं लाकडं आणली, मी अग्नी दिला. तिनं सांगून ठेवलं होतं की मला मातीत ठेवा आणि दोन शब्द प्रार्थनेचे म्हणा. मला ते तोंडातून काढता आलं नाही. इतकी माणसं उभी होती.

दहाव्याला ओढ्यावर पिंड ठेवला. कावळे होते, बाभळीवर पाच-सहा बसले होते, पण एकही खाली उतरला नाही. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, असं आमच्यात धरतात, आणि ती काय ते ओळखून वचन द्यायचं असतं. सून हात जोडून म्हणाली, तुमच्या माणसाला वेळेवर जेवायला देईन. कावळे बसलेले. पोरगा म्हणाला, तुझी काळी शेळी इकणार न्हाई. भाऊकीतला एकजण मागून पुटपुटला, "अरे, ती शेळी तर आधीच इकली." माणसं हसू दाबायला लागली. कावळे बसलेले.

मग मेव्हणा माझ्याकडं वळला. "दाजी, ती साक्ष म्हणली. मी माझ्या कानानं ऐकलं. कशाची साक्ष?"

"मला म्हाईत न्हाई," मी म्हणालो.

"तुमच्याकडं बघून म्हणली."

"तापात माणूस कायी बी बोलतं."

त्यानं कितीतरी वेळ माझ्याकडं बघितलं. त्या बांधाच्या केसमधल्या माणसानं बघितलं होतं तसंच. शेवटी कुशाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले. 

त्यानंतर माळावरचं सुरू झालं.

दुपारी उन्हाचा तडाखा बसला की मेंढरं गोल होऊन उभी राहतात आणि एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालतात. लांबून बघितलं तर डोकं नसलेली जनावरं उभी आहेत असं वाटतं. त्या वेळी वारा पडतो. पळसाचं पान हलत नाही. दहाव्यानंतर तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी घोंगडं अंगावर ओढून बाभळीखाली बसलो होतो, आणि खडकाकडून आवाज आला. "आवं."

एकच.

मी दुसऱ्या हाकेची वाट बघितली. आली नाही. पण मेंढरांनी डोकी बाहेर काढली होती. सगळीच्या सगळी खडकाकडं तोंड करून उभी होती. खडकावर कोणी नव्हतं, नुसतं ऊन हलत होतं. मी ओ दिली नाही. नियम होता तसा गप बसलो.

रोज नाही, पण दोन-तीन दिवसाआड व्हायचं. त्याच वेळेला, एकच हाक. मी जागा बदलली, कळप ओढ्याच्या पलीकडं नेला. तिथं खडक नव्हता, तरी हाक आली, आणि मेंढरं परत ओढ्याच्या अलीकडं तोंड करून उभी राहिली. गावात कोणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर म्हणाले असते, बाटलेली बाई, शांत कशी होईल. पाळकाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, मेलेली माणसं हाका मारत फिरत नाहीत. ती शांत आहे. तुम्ही शांत नाही." त्याचं बराबर असेल. पण मेंढरांना हे कोणी सांगितलं होतं?

तिचा एक बटणांचा फोन होता. प्रार्थनेतली गाणी ती त्यात भरून घ्यायची आणि माळावर लावून बसायची. सुनेनं मला लावायचं शिकवलं. "मामा, हे बटण दाबा, खाली खाली जा, गाणी येतेत." मी एक-एक करून ऐकायला लागलो. असाच एके दिवशी खाली खाली जाता जाता एक लागलं, त्यात गाणं नव्हतं. नुसता वारा, आणि मेंढरांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. बंद करायचं विसरली असेल. मग तिचा आवाज आला, "हुर्रर्र, या गं बायांनो, या." माझ्यापुढची मेंढरं धावत आली. माझ्यापर्यंत आली, थांबली, आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. तू काहून, ती कुठं, असं.

ती प्रार्थना करत होती. हळू बोलत होती, मला शब्द लागत नव्हते. मध्येच थांबायची. नुसता वारा ऐकू यायचा. मग म्हणायची, "व्हय." परत वारा. "व्हय." कोणीतरी काहीतरी विचारतंय आणि ती उत्तर देतेय, असं. मी फोन कानाला दाबून धरला. त्या मधल्या वाऱ्यात काही आहे का ते ऐकायचा प्रयत्न केला. काही नव्हतं. तरी माझ्या अंगावर काटा उभा राहिला, कारण जी बाई एका हाकेत ओ देत होती ती माझी बायको होती आणि तिच्या नवऱ्यानं तिला जन्मभर तीन-तीन हाका मारायला लावल्या होत्या.

मग पायांचा आवाज. शेजारच्या रानात मेंढरं चारणारा आमचा भाऊकीतला माणूस, त्याचा आवाज ओळखला. "दादा, वैनी कोणाशी बोलून राहिल्या वो?"

आणि मग एक म्हाताऱ्याचा आवाज आला. घोगरा, हसणारा, हलका. "कोणाशी न्हाई. डोकं फिरलंय तिचं. आमच्या घरात तसलं कायी न्हाई, बाबा."

तो आवाज माझा आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. माणसाला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही. हे बोलणं मला आठवतही नव्हतं. त्या वेळी मी पाण्यातून निघालेला होतो, दोन वर्षं झाली होती. दोघं हसल्याचा आवाज, पाय लांब गेल्याचा आवाज. ती तिथंच बसली होती, तिनं ऐकलं होतं. थोडा वेळ नुसती घुंगरं. मग तिचा आवाज, आधीपेक्षा बारीक, "व्हय." आणि संपलं.

मी भुताला भीत होतो. त्या फोनात भूत होतं खरं, पण ते तिचं नव्हतं.

सव्वा महिना झाला तसा मेव्हणा परत आला. सोबत त्याच्या गावची दोन मोठी माणसं. आमचीही भाऊकी जमली, तो शेजारचा मेंढरवालाही आला. घरासमोर लिंबाखाली बसले. दुपारचे बारा असतील. लिंबाखालीही वारा पडलेला होता.

मेव्हण्यानं पाण्याला हात लावला नाही. म्हणाला, "दाजी, मी झोपलो न्हाई इतके दिवस. माझी बहीण साक्ष म्हणत गेली आन् तुमी गुळणी धरून बसले. लोक मला काय काय सांगून राहिले. तुमी तिला तकलीफ दिली म्हणून."

मी खाली बघत होतो.

सोबतचा म्हातारा मऊ आवाजात बोलला. "पाव्हणं, आमाला तुमच्यावर शक न्हाई. तुमी मेंढरं राखून राखून मेंढरू झालेला माणूस. तुमी कोणाला काय करणार? आमाला दिसतंय काय झालं ते. त्या पत्र्याच्या खोलीतल्या लोकांनी तिला बाटवलं, औषध सोडायला लावलं, त्यात ती गेली. तेच तिला सांगायचं असंल. तुमी एवढं म्हणा. बाकी आमी बघून घेतो त्यांचं."

मेव्हणा म्हणाला, "व्हय दाजी. तुमी फकस्त साक्ष द्या."

त्यांनी तोच शब्द वापरला. मी मान वर केली. सगळी माझ्या तोंडाकडं बघत होती, एकटक, माळावर मेंढरं बघतात तशी. एक हो म्हटलं की माझी सुटका होती. मेव्हणा पाणी प्यायला असता, गाव माझं राहिलं असतं. त्या खोलीत सतरंज्यांवर बसणारी ती भाजीवाली, तो बिनवासाचा पाळक, त्यांचं काय झालं असतं ते मला दिसत होतं.  

मी खिशातून फोन काढला आणि ते लावलं.

तिची मेंढरांना हाळी आली तेव्हा मेव्हण्यानं तोंडावर हात ठेवला. सून दारात येऊन उभी राहिली. मागं वाड्यात मेंढरं ओरडायला लागली. मग प्रार्थना. मग वारा. "व्हय." वारा. "व्हय." कोणी हललं नाही. माझा आवाज यायच्या आधी बंद करावं असं मनात आलं. अंगठा बटणावर होता. उचलला. सगळ्यांनी ऐकलं, डोकं फिरलंय तिचं, आमच्या घरात तसलं कायी न्हाई. शेजारच्या मेंढरवाल्यानं आपला आवाज ओळखून मान खाली घातली.

संपल्यावर मेव्हणा बोलला. भांडणातला आवाज राहिला नव्हता. "दाजी, ती कोणाला व्हय म्हणून राहिली?"

हाच प्रश्न मला एकदा माळावर विचारला होता. तेव्हा उत्तर द्यायला मला अर्धं पळही लागलं नव्हतं.

"येशूला," मी म्हणालो. "देवाला. आन् मी बी त्याचाच हाय. चार वर्सं झाली, वारंग्याच्या कालव्यात बुडून निघालो. तुमाला सगळ्यांला औषधाचं खोटं सांगून गेलो. तिला कोणी गोळी सोडायला लावली न्हाई, तिच्या गोळ्या मी माझ्या हातानं देत होतो. ती साक्ष म्हणली ती माझी. मी हे तुमच्यापुढं बोलावं एवढंच तिचं राहिलं होतं. दहाव्याला बी बोललो न्हाई मी. मला जाळू नका म्हणली होती, मी जाळली."

"हे आधी काहून न्हाई सांगितलं?"

"भीत होतो."

"कोणाला?"

"तुला," मी म्हणालो. "ह्यांला. समद्यांला."

म्हातारा पाव्हणा घोंगडं झटकून उठला. "चला. बाई गेली ती गेली, गडी बी गेला." एक-एक करून सगळे उठले. मेव्हणा पाणी न पिताच निघाला. रस्त्यापर्यंत जाऊन परत वळला, माझ्या अंगणात न येता लांबूनच म्हणाला, "त्या फोनातलं मला बी घेता येतंय का? नुसती तिची हाळी. बाकी नको." मी म्हणालो, घेता येत असेल, सुनेला विचारतो. अजून तो आलेला नाही. सुनेनं वेगळं करून ठेवलंय.

गावात काय व्हायचं ते झालं. यात्रेत आमच्या घरचा नारळ घेतला नाही. तीन घरांनी रानात मेंढरं बसवायचं बंद केलं. कोणी मारलं नाही, कोणी शिवीही दिली नाही. नुसते बोलता बोलता गप होतात मी आलो की. शेजारचा मेंढरवाला मात्र एक दिवस ओढ्यावर भेटला, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "दादा, त्या हरवलेल्या मेंढराचं काय हाय म्हणं?" मी सांगितलं. त्यानं ऐकलं, आणि म्हणाला, "येडा धनी हाय." मी म्हणालो, व्हय.

ती माणसं आली होती त्याच्या दुसऱ्या दिवशीचं तेवढं राहिलं. मी मेंढरं घेऊन परत खडकाजवळच गेलो. ऊन चढलं, वारा पडला, मेंढरांनी डोकी पोटाखाली घातली. मी घोंगडं अंगावर घेतलं नाही. बसून राहिलो. किती वेळ गेला कोणास ठाऊक, आणि हाक आली. एकच. तिची होती का, दुसऱ्या कोणाची होती, का माझ्याच डोक्यातली होती, ते मी सांगणार नाही कारण मला माहीत नाही. मेंढरांनी डोकी वर काढली.

मी दुसऱ्या हाकेची वाट बघितली नाही. उभा राहिलो आणि ओ दिली, इतक्या मोठ्यानं की ओढ्यापलीकडच्या रानातली माणसं उभी राहून बघायला लागली.